मटारांच्या दिवसांतला राजीनामा

शहपुऱ्याकडचे मटार बाजारात उतरले, की जबलपूरचं वागणंच बदलतं. इथल्या सदर भागातल्या बाजारात भाजीवाला भाव सांगायच्या आधी शेंग हातावर ठेवतो, ‘पहले खाकर देखो दीदी’ म्हणतो आणि आपण खाल्ली, की पोत्याकडे बोट करतो. माझं माहेर कोल्हापूरचं. तिकडे आम्ही मटार पावशेर घ्यायचो, पोह्यांत शोभेपुरते. इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी पावशेर मागितले, तेव्हा तो माणूस शेजारच्या गाड्यावाल्याला म्हणाला, ‘दीदी नई आई हैं.’ आता मीही पोतंच आणते.

आणलेलं पोतं मग सोलावं लागतं. दुपारी गच्चीवर, उन्हाकडे पाठ करून, मांडीवर परात घेऊन. या कामाची एक गंमत आहे. सोलताना मान खाली असते. समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे माणसं खरं बोलतात. या शहरातली निम्मी भांडणं आणि निम्मे समेट मटारांच्या साली पडता पडता झाले असतील, असं मला वाटतं. नखं हिरवी होतात, बोटांना कच्चा गोडसर वास येतो आणि तो साबणानंही लवकर जात नाही.

यंदाही मटार आले. परात तीच आहे, गच्ची तीच आहे. पण गेला मोसम काही केल्या मनातून जात नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या प्रशिक्षण संस्थेत एक वर्ग भरला होता. मी तिथं सरकारी पत्रलेखन शिकवते, म्हणजे एका ओळीत मागता येणारी गोष्ट दहा ओळींत कशी मागावी ते. वर्गाचं नाव आगगाडीसारखं लांब होतं: राजनय आणि प्रशासनातल्या अधिकाऱ्यांसाठी जनरेटिव्ह एआयचं हँड्स-ऑन प्रशिक्षण. पासपोर्टच्या कामातले, परदेशी शिष्टमंडळांची व्यवस्था बघणारे, तहसिलींतले असे बरेच अधिकारी आले होते, आणि त्यांच्यात शिकायला मीही बसत असे. यंत्र कसं चालवायचं ते एक तरुण मुलगी शिकवायची. यंत्राकडून काय लिहून घ्यायचं ते शिकवायला परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेले सिन्हासाहेब होते. चहाच्या सुट्टीत शिपाई एक मोठी टोपली मधे ठेवायचा आणि सगळे सोलून सोलून कच्चेच मटार खायचे. परत येऊन कीबोर्डवर तेच हात. हँड्स-ऑन म्हणजे काय ते जबलपूरनं त्या मुलीला चांगलंच दाखवलं. तिच्या सगळ्या कीबोर्डांना हिरवे ठिपके पडले.

सिन्हासाहेब बोलायला फार गोड. एकदा ते म्हणाले, ‘भाषा ऐसी रखिए कि दरवाज़ा बंद हो जाए और आवाज़ न आए.’ वर्ग खूश झाला. सगळ्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं.

त्या वर्गात माझ्या शेजारी दामलेभैया बसायचे. शहपुऱ्याच्या तहसिलीत नायब तहसीलदार, राहायला विजय नगरात, निवृत्तीला आलेले. त्यांच्या आजोबांपासूनचं घराणं जबलपूरचं. घरात मराठी बोलायचे, पण ती इथली मराठी, हिंदीच्या शेजारी राहून राहून तिच्याच वळणावर गेलेली. मराठी वर्तमानपत्र त्यांच्या दारात कधी पडलंच नाही. वाचायचं ते हिंदीत, लिहायचं ते हिंदीत, आणि मराठी फक्त आईशी, बहिणीशी आणि देवाशी. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, “दीदी, मी या मशीनले ऑर्डर देऊन राहिलो आणि हे मलेच समजावून राहिलं. घरी बायको आहे ना या कामाला.”

मला ती बोली फार आवडते. एकदा चहाला शब्दांची थट्टा निघाली. मी सांगितलं, की इथं आल्यावर एका बाईंनी मला विचारलं होतं, ‘आपकी शिक्षा कहाँ हुई?’ आणि मी घाबरून म्हटलं होतं, मला कधीच शिक्षा झालेली नाही. दामलेभैया हसून हसून बेजार झाले. मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. बहिणीच्या लग्नानंतर ते पहिल्यांदा पुण्याला तिच्या सासरी गेले होते. तिच्या सासऱ्यांना आदरानं म्हणाले, “मी तुमची चेष्टा करीन.” त्यांना म्हणायचं होतं, तुमच्यासारखं व्हायची खटपट करीन. सगळं घर हसलं. पुढे ते ‘काय करून राहिले’ म्हणाले, की त्या घरातली पोरं दाराआडून त्यांची नक्कल करायची. “तवापासून पुण्याच्या माणसासमोर मराठी बोलायची माझी हिंमतच नाही होत,” असं ते म्हणाले आणि शेंगेकडे बघत राहिले.

ती बहीण म्हणजे सुमन. ते तिला जिज्जी म्हणायचे, इकडच्या सगळ्या थोरल्या बहिणींना म्हणतात तसं. ती त्यांना बब्बू म्हणायची. म्हणायची, कारण आता दोघांचं बोलणं बंद होतं. त्यांची आई इथंच, विजय नगरात, यांच्याजवळ वारली. जिज्जी पुण्याहून निघाली होती, गाडीत होती. घरात वडीलधाऱ्यांनी घाई केली, कुणी म्हणालं सूर्यास्ताच्या आत, आणि दामलेभैया तिच्यासाठी थांबले नाहीत. ती दारात आली तेव्हा आईची खाट उभी करून ठेवलेली होती. ती खाली बसलीही नाही. परतीच्या गाडीनं गेली आणि त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. हे त्यांनी मला टोपलीशेजारी बसून, मान खाली घालून सांगितलं. माघात त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. “ती नाही आली, तर मांडवात मी कोणाकडे पाहू, सांगा,” असं ते म्हणाले.

वर्गाच्या शेवटाकडे एक सराव होता. अवघड संदेश: ज्याच्याशी बिनसलं आहे, अशा कुणाला तरी लिहायचा. बाकीच्यांनी शेजारी देश घेतले, कुणी रुसलेले आमदार घेतले. दामलेभैयांनी जिज्जीला घेतलं. मला दिसलं, की त्यांनी पहिला शब्द टाइप केला आणि लगेच स्क्रीनवर आडवा हात धरला. दुसऱ्याच्या पत्रात डोकावू नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी खुर्ची फिरवली आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. त्या वळणाचा आता इतका राग येतो. चांगल्या घरच्या माणसांनी कधी कधी डोकवावं.

आता एक शब्द सांगायला हवा. इकडच्या कोर्टांत आणि तहसिलींत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नव्हे. त्याला इकडे इस्तीफा म्हणतात. राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी राजी होऊन केलेली तडजोड. भांडण मिटलं, की कागद होतो, दोघं सही करतात आणि बाहेर येऊन एकाच टपरीवर चहा पितात. दामलेभैया चहाला आले, की सांगायचे, “मागे दोन भावांचा राजीनामा झाला दीदी, गळ्यात पडून रडले.” इथं नवी होते तेव्हा असलं वाक्य ऐकून मी चक्रावले असते, की भावांनी भावकीच सोडली की काय. पण एव्हाना इतकी मुरले होते, की तो शब्द ऐकून माझ्या कपाळावर आठीसुद्धा पडायची नाही. मी तेव्हा एकदा दचकले असते, तर काही तरी निराळं झालं असतं.

त्यांनी यंत्राला काय सांगितलं ते मला पुढे कळलं. त्यांनी आपल्या मराठीत लिहिलं होतं, ‘जिज्जी, बहुत झालं आता. राजीनामा करून टाकू. जुनं सगळं संपवून टाकू.’ आणि खाली यंत्राला सूचना: हे पुण्याच्या माणसांना शोभेल अशा शुद्ध, राजनयाच्या मराठीत लिही. यंत्र बिचारं हुकमाचं ताबेदार. त्यानं लिहिलं:

‘आदरणीय ताई, सस्नेह नमस्कार. आपल्यातील जुने सर्व काही मी आता संपुष्टात आणू इच्छितो. तरी माझा राजीनामा स्वीकारावा, ही नम्र विनंती. आपला, अरविंद.’

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण दामलेभैयांना तो गणपतीच दिसला. शब्द त्यांचाच होता, फक्त त्याला धुतलेलं धोतर नेसवलं होतं. आपण इतकी सुरेख मराठी लिहिली, यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. त्यांनी ते तिथंच फोनवर घेतलं आणि पाठवून दिलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दामलेभैया वर्गात शिरले तेच मिठाईचा पुडा घेऊन. “झालं दीदी. जिज्जीनं राजीनामा कबूल केला.” सिन्हासाहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना पेढे मिळाले. ती शिकवणारी मुलगी तर इतकी हरखली, की समारोपाच्या भाषणात तिनं ही गोष्ट सांगितली, यंत्रानं एका भावाला बहीण परत दिली अशी. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्या दिवशी मला खरोखर फार बरं वाटलं होतं.

मग पत्रिका गेली. कुंकू, अक्षता, सगळं रीतसर. फोन त्यांनी केला नाही. तहसिलीतली सवय अशी, की आधी राजीनामा, मग सही, मग बोलणं. आणि हे बोलणं त्यांना समोरासमोर करायचं होतं. त्यांनी तिला संदेश मात्र रोज पाठवले. मुलीच्या शालूचा फोटो, आचाऱ्यानं केलेल्या मटार कचोऱ्यांचा फोटो. प्रत्येकाखाली एकच टिक. “नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल,” असं ते म्हणायचे. पुण्यात महिना महिना नेटवर्क नसतं, यावर फक्त भावाचा विश्वास बसू शकतो.

लग्न माघात झालं, मटारांचा मोसम उतरणीला लागला होता तेव्हा. पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांनी कुणाला बसू दिली नाही. तिच्यावर एक शाल ठेवली होती. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि मी पाहत होते की मुलीचा बाप मुलीकडे कमी आणि मांडवाच्या दाराकडे जास्त बघतो आहे. जेवणाच्या वेळी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. “राजीनामा झाला होता ना दीदी. तिनं स्वतः लिहिलं होतं. मग काहून नाही आली?” आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

तेव्हा मी पहिल्यांदा तो संदेश वाचला. त्याच्याखाली तिचं उत्तर: ‘राजीनामा स्वीकारला. सुखी राहा.’

मी कोल्हापूरची आहे. सुखी राहा, हे त्यांनी आशीर्वाद म्हणून वाचलं होतं. ती ज्या घरात इतकी वर्षं राहिली त्या घरात ते शब्द कधी म्हणतात, ते मला ठाऊक होतं. माणूस कायमचा निघून जातो तेव्हा, त्याच्या पाठीकडे बघत. समोर मुलीच्या बिदाईची तयारी चालली होती. मी फोन परत दिला आणि म्हटलं, “भैया, लग्न पार पडू दे. मग बोलू.” एवढंच मला सुचलं.

काही दिवसांनी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी शेवटचे मटार सोलायला काढले होते, जरड झालेले, पिवळट. मीही बसले. मान खाली घातली आणि सांगितलं. राजीनामा शब्दाचा तिकडचा अर्थ काय, तो संदेश तिकडे कसा वाचला गेला असेल, आणि ती एक टिक म्हणजे तिनं त्यांचा नंबर केव्हाच ब्लॉक केला आहे. दामलेभैयांनी हातातली शेंग उघडली, रिकामी निघाली, ती परत मिटून ठेवली. मग म्हणाले, “तुमच्या फोनवरून लावता?”

मी लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, खणखणीत पुणेरी. “कोण बोलतंय?”

“जिज्जी, मी बब्बू.”

तिनं फोन ठेवला नाही, एवढंच. मग यांनी सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, मधे मधे रडत. मशीन, वर्ग, शुद्ध मराठी, तहसिलीतला राजीनामा. फोन मधे ठेवलेला होता. वहिनींना आणि मला सगळं ऐकू येत होतं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “राजीनाम्याचा अर्थ तू मला सांगून राहिला? मी काय पुण्यात जन्मले? बाबा रोज संध्याकाळी कचेरीतून येऊन तोच शब्द बोलायचे.” तिचा पुणेरी खणखणीतपणा कुठल्या कुठे गेला होता. “तू लिहिलं असतं ना, जिज्जी, राजीनामा करून टाकू, तर मी त्याच रात्री गाडीत बसले असते. पण ते पत्र कोणाचं होतं? आदरणीय ताई. मले कधी म्हटलं तू ताई? मले वाटलं, वकिलाकडून लिहून घेतलं. म्हटलं, चलो, भावाने नातं सोडलं, तेही वकिलाच्या हातून.”

“पत्रिका पाठवली होती जिज्जी.”

“आली. म्हटलं, गावभर वाटल्या, त्यातली एक.”

“आता ये.”

“आता कोणासाठी येऊ रे बब्बू? आईच्या वेळी पोचले नाही. पोरीच्या वेळी पोचले नाही. दोन्ही वेळा तूच.” मग जरा हळू म्हणाली, “बघू. मटार आले की सांग. बघू.”

फोन ठेवल्यावर दामलेभैया सालींच्या ढिगाकडे बघत बसले. “दीदी, मी तर तेच परत केलं,” असं ते म्हणाले. वहिनी उठून चहा ठेवायला गेल्या. मला त्यांना म्हणायचं होतं, की तुमचा काय दोष, शब्दाचा दोष, यंत्राचा दोष. पण ते माझ्या तोंडून निघेना. त्यांच्या स्वतःच्या मोडक्यातोडक्या ओळीत ती सबंध बहीण परत यायची सोय होती. त्या ओळीला शोभा आणायला म्हणून आम्ही सगळे जमलो होतो, वर्ग भरवून, टोपली मधे ठेवून. आणि दार असं अलगद लागलं, की आवाज कुणालाच आला नाही. सिन्हासाहेब शिकवायला खरंच हुशार होते.

यंदाही संस्थेत वर्ग आहे. नवी तुकडी, नवं यंत्र, आणखी गोड बोलणारं. मी त्यांना पत्रलेखन शिकवते आणि मधेच विचारते, की तुमच्या घरी तुम्हाला काय म्हणून हाक मारतात. त्यांना वाटतं, बाईंचं आता वय झालं.

मटार आले, तशी दामलेभैयांनी जिज्जीला बातमी कळवली. स्वतःच्या बोटांनी, करून राहिलो, येऊन राहिले, सगळं जसंच्या तसं. सोबत कुणाबरोबर तरी एक पोतंही पुण्याला धाडलं, शहपुऱ्याच्या शेतातलं, निवडून घेतलेलं.

काल सकाळी ते माझ्या दारात उभे होते. मफलर, कानटोपी, बुटांवर धूळ. स्टेशनवरून येत होते. पुण्याची गाडी बघून आले होते, सगळे डबे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत या म्हटलं तरी आले नाहीत. दुधानं तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी फोन पुढे केला आणि म्हणाले, “दीदी, हे जरा वाचून सांगा. तुमच्या मराठीत याचा अर्थ काय होते?”

जिज्जीचा संदेश होता. एकच शब्द. ‘पोचले.’

“यात कोण पोचलं?” त्यांनी विचारलं.

मी तो शब्द पुन्हा वाचला. बाई पोचली तरी ती ‘पोचले’ म्हणते, आणि मटार पोचले तरी तेच. आपल्या भाषेनं ही जागा मोकळी ठेवली आहे. मला तिथं काहीही ठेवता आलं असतं.

“मटार, भैया,” मी म्हटलं.

“अच्छा,” ते म्हणाले. फोन खिशात ठेवला, मफलर नीट केला आणि फाटक लावून गेले.